शेताच्या कडेचा सरवा राहू द्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या आपल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब, कमिटीचे सभासद, स्टुअर्ड आणि खजिनदार यांस,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

हे पत्र मी आधी बंद पाकिटातून दोनदा दिलं. पहिल्याची पोचही मिळाली नाही. दुसऱ्यानंतर उपासना सुटल्यावर दारातच एका वडीलधाऱ्या सभासदांनी सांगितलं, "बाई, कमिटीत ठराव झालाय. आता तो विषय काढू नका." ज्यांच्या चुलीशी तो विषय बांधलेला आहे त्यांना कमिटीत बसायला जागा नाही, म्हणून मी सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्या मंडळीचं नाव लिहीत नाही आणि कुणा माणसाचंही नाही. एका मंडळीपुरतं असतं तर घरातच भांडले असते. पण गेल्या वर्षभरात निपाणीकडच्या, खानापूरकडच्या ओळखीच्या बायकांशी बोलले, तर त्यांच्याकडेही हेच चाललंय, कुठे ठराव करून, कुठे न बोलता.

ठराव असा. गरीब फंड बंद. प्रभुभोजनाच्या रविवारी वेगळी थैली फिरते, तिच्यातलं अर्पण पूर्वापार गरिबांसाठी बाजूला निघायचं. ते आता इमारत निधीत जाणार. ज्यांना अगदीच नड असेल त्यांनी छापील अर्ज करायचा, त्यावर दोन सभासदांच्या सह्या आणायच्या, सहा महिन्यांची उपासनेची हजेरी दाखवायची, आणि मदत घेताना फोटो काढू द्यायचा. कारणं तीन सांगितली. सरकार आता सगळं देतं. फुकट दिल्याने माणसं आळशी होतात. आणि बाहेरच्यांना दिलं तर धर्मांतराचा आळ येतो.

तिन्हींना उत्तर देणार आहे. त्याआधी मी यात का पडते ते सांगायला हवं.

गेली १९ वर्षं गरीब फंडाची वही माझ्याकडे आहे. माझ्या आधी ज्या बाई हे काम बघायच्या त्यांनी जाताना जुन्या वह्यांचा गठ्ठाही माझ्या हवाली केला. लाल कापडी बांधणीच्या, कोपरे झिजलेल्या, शाईच्या पेनाने लिहिलेल्या. या वह्यांची एक रीत आहे. घेणाऱ्याचं नाव त्यात लिहायचं नाही, फक्त खूण लिहायची. "विहिरीजवळची आक्का." "गेटापलीकडचे मास्तर." वही चुकून कुणाच्या हाती पडली तरी कुणाची लाज उघड्यावर येऊ नये म्हणून. वह्या ताब्यात आल्यावर मी १९७३ सालाची काढली. मला माहीत होतं काय सापडेल. "गवंड्याची बायको, तीन लेकरं. ज्वारी, गोडं तेल, पाटीवरची पेन्सिल."

ती माझी आई. दुष्काळाच्या पाठोपाठच्या त्या वर्षी माझे वडील परांचीवरून पडले आणि आठ दिवसांत गेले. मी आठ वर्षांची होते. त्या बाई दिवेलागणीला मागच्या दारानं यायच्या, पिशवी चुलीजवळ ठेवायच्या, आईशी भावाबहिणींच्या चार गोष्टी बोलायच्या आणि रिकामी पिशवी घेऊन जायच्या. रिकामी म्हणजे अगदी रिकामी नसायची, आई तिच्यात परसातले दोन पेरू घालायची. ते त्या कधी नाकारत नसत. आम्हाला कुणी अर्ज मागितला नाही, हजेरी विचारली नाही. चौदा महिने हे चाललं. मग आईला आयाचं काम मिळालं, आणि त्यानंतर मरेपर्यंत दर हंगामाच्या सणाला तिने शेरभर तांदूळ पदराखालून नेऊन वेदीसमोर ठेवला. हा माझा हिशेब आहे. त्या चौदा महिन्यांतली एखादी पिशवी आली नसती तर मी आज हे पत्र लिहायला शाळेत टिकले नसते.

आता सरकारचं.

सरकार देतं हे खरं आहे, आणि देतं ते चांगलं करतं असं माझं मत आहे. अन्नभाग्य, म्हणजे आपल्या कर्नाटक सरकारची रेशनवरच्या तांदळाची योजना, २०१३ पासून आहे. २०२३ मध्ये माणशी पाच किलोवर आणखी पाच किलोचं वचन मिळालं, आणि तांदूळ उपलब्ध होईना तेव्हा जवळपास दीड वर्ष किलोला ३४ रुपयांप्रमाणे पैसे खात्यावर आले. ११ जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसमधून राज्यभर मोफत प्रवास. ऑगस्ट २०२३ मध्ये गृहलक्ष्मी सुरू झाली, घरच्या कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये. या योजनांना "फुकट्यांची सोय" म्हणताना मी आपल्याच लोकांना ऐकलंय, एकदा तर उपदेशातसुद्धा. त्या उपदेशाच्या वेळी माझ्या शेजारी बाकावर खानापूर तालुक्यातली एक बाई बसली होती. ती आठवड्यातून दोनदा शून्य तिकिटावर बेळगावला येते, एकदा धुणीभांड्यासाठी आणि एकदा नवऱ्याला सिव्हिलमध्ये दाखवायला. पूर्वी तिकिटाच्या पैशापायी ती दवाखान्याची तारीख चुकवायची. तो शब्द ऐकून तिने मान खाली घातली आणि गीताचं पुस्तक उगाच चाळत राहिली. पाळकसाहेब, ती मान मी विसरू शकत नाही. कैसराला कर भरणाऱ्या माणसाने त्या करातून भुकेल्याला भाकरी मिळाली तर आनंद मानावा, की तिरस्कार करावा? राजाने गरिबांचा न्याय करावा, दीनांच्या लेकरांना सोडवावं, ही प्रार्थना आपल्या ७२ व्या स्तोत्रातच आहे. आपण ती उपासनेत म्हणतो.

पण सरकार "सगळं" देतं हे खरं नाही. वही हातात घेऊन गल्ल्यागल्ल्या फिरणाऱ्या माणसाला ते रोज दिसतं.

वडगावात एक म्हातारी आहे. आयुष्यभर भांडी घासली, राख आणि साबणाने बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र आवाज करतं, दुकानदार म्हणतो पुन्हा ठेव. ती अंगठा लुगड्याला पुसते, फुंकर मारते, पुन्हा ठेवते. मागची रांग कुरकुर करते. मी एकदा तिच्याबरोबर होते. सात वेळा ठेवला. शेवटी तिला बाजूला उभं केलं आणि उद्या यायला सांगितलं. "बाई, अंगठा लागंना झालाय," एवढंच म्हणाली. "हात माझाच हाय न्हवं?" तिचं नाव यादीत आहे, तिच्या वाट्याचे तांदूळ पोत्यात आहेत, आणि तिच्या डब्यात काही नाही. त्या आठवड्याची पिशवी गरीब फंडातून गेली. आता कुठून जाईल?

दुसरी एक चंदगडकडची. लग्न होऊन इकडे आली, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत होता, दोन वर्षांपूर्वी वारला. तिचं नाव अजून माहेरच्या महाराष्ट्रातल्या रेशन कार्डावर आहे. इथलं कार्ड सासूच्या नावावर, म्हणून गृहलक्ष्मी सासूला, आणि सासू दुसऱ्या मुलाकडे राहते. तिकडे जाऊन नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तो मराठीत. इथे अर्ज कन्नडमध्ये. ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या ग्राम वन केंद्रात गेली तर समोरचा मुलगा काय विचारतोय ते कळेना, त्याला हिचं कळेना, आणि मागे गर्दी. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "हित्तं बी माझं नाव न्हाई, थित्तं बी न्हाई." सीमेबद्दल सत्तर वर्षांत इतकं बोललं गेलंय, खटले चाललेत, ठराव झालेत. तिच्या बाबतीत सीमा म्हणजे एक दाखला आणि एक न वाचता येणारा कागद. यात दोन्ही सरकारांचा दोष मोठा आहे, त्यांना मी वेगळं लिहीन. पण मंडळीत कन्नड-मराठी दोन्ही वाचणारी किमान तीस माणसं आहेत. शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. तो दाखला आणि तो अर्ज ही त्यांच्यासाठी एका दुपारची गोष्ट आहे.

आणि ज्यांचं सगळं सुरळीत आहे त्यांचंही सांगते. गृहलक्ष्मीचा हप्ता कधी दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही. दुकानदाराची उधारी तोवर थांबत नाही.

मी शेतकऱ्याघरची सून आहे. सासर खानापूर तालुक्यात. भाताची कापणी झाली की शेतात लोंब्या पडलेल्या असतात, पेंढ्या बांधताना निसटलेल्या. त्याला आपण सरवा म्हणतो. माझी सासू कापणीच्या शेवटच्या दिवशी बांधावर उभी राहून कापणाऱ्यांना सांगायची, "कडेचं राहू दे रे." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बायका-पोरं सूप घेऊन यायची. ती कोण, कुठल्या वाडीची, कुठल्या देवाची, हे सासू विचारत नसे. उलट त्या वेळी ती मुद्दाम शेताकडे फिरकत नसे. मला वाटायचं की त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. तिला विचारलं तर म्हणाली, "आपलं असलं तर आपण बघायला जायचं. ते आपलं न्हवं."

सासूला वाचता येत नव्हतं, पण नियमशास्त्र तिला माझ्यापेक्षा नीट कळलं होतं. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या आणि अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मालकाला हेच सांगितलंय: शेताचे कोने-कोपरे कापू नकोस, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस, द्राक्षमळ्यात पडलेलं वेचू नकोस. ते गरिबाचं, परक्याचं, अनाथाचं, विधवेचं आहे. मालकाने दयाळू व्हावं असं तिथे म्हटलेलं नाही. तेवढा भाग मुळातच त्याचा नाही, असं ठरवून टाकलंय. अनुवादाच्या १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेव्यांबरोबर परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायला सांगितलंय. प्रभुभोजनाच्या रविवारचं अर्पण हा आपल्या मंडळीच्या शेताचा कोपरा होता. तुम्ही तो कापून कोठारात भरलात.

आणि रूथ आठवा. ती मवाबी, सीमेपलीकडची, विधवा, सासूबरोबर आलेली. तिचं नावही तिथल्या कुठल्या यादीत नव्हतं. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली तेव्हा बवाजाने गड्यांना दोन गोष्टी सांगितल्या: तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही गाळत जा, आणि तिला लाजवू नका, धमकावू नका. त्याने तिचा फोटो काढून गावभर पाठवण्यासारखं काही केलं नाही. संध्याकाळी तिने झोडपलं ते एफाभर जव निघालं. त्याच रूथच्या वंशात दावीद झाला, आणि मत्तयने प्रभूची वंशावळ लिहिताना तिचं नाव घेतलं. आपल्या चंदगडच्या लेकीकडे मी याच नजरेनं बघते, आणि तुम्हीही बघावं असं मला मनापासून वाटतं.

कमिटीच्या सभासदांनी प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय काढावा, अशी विनंती आहे. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होऊ लागली, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळत होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी वाटणी बंद केली नाही. सात जण निवडून नेमले, आणि सातांची नावं वाचली तर ती सगळी ग्रीक आहेत. मंडळीतली पहिली कमिटी ही अशी, भाषेमुळे उपाशी राहिलेल्या विधवांच्या जेवणासाठी नेमली गेली. इमारत त्यांच्याकडे तेव्हा नव्हतीच. कन्नड आणि मराठी उपासना जिथे एकाच छपराखाली पाठोपाठ होतात अशा या जिल्ह्यात तो अध्याय आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे.

आळशीपणाबद्दल. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातलं वचन कमिटीत वाचलं गेलं म्हणे, काम करायला नको तर त्याने खाऊही नये. पौलाने ते लिहिलं हे खरं. लिहिलं ते कामधंदा सोडून इकडेतिकडे लुडबुड करत फिरणाऱ्या धडधाकट माणसांना, आणि "काम करायची इच्छा नाही" असे त्याचे शब्द आहेत. परांचीवरून पडलेल्याच्या बायकोला नव्हे. शिवाय तीनच वचनं पुढे तो म्हणतो, बरं करताना खचू नका. ते वाचलं का? आणि हाच पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी मंडळ्यांमंडळ्यांतून वर्गणी गोळा करत फिरला.

माझ्या वहीतल्या आजच्या घरांपैकी बहुतेक घरांत कुणीतरी काम करतं. यंत्रमागावर बसतं, वीटभट्टीवर जातं, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करतं, गोव्याला जाऊन हॉटेलात भांडी घासतं. काम आहे, पुरत नाही. आणि काही घरांत काम मिळत नाही. सकाळी नाक्यावर डबा घेऊन उभे राहिलेले मजूर अकरा वाजता तसेच घरी परततात, ते तुम्हीही गाडीतून जाताना बघता. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मालक शेवटच्या तासाला विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. मालकाने त्यांना आळशी म्हटलं नाही. मळ्यात पाठवलं आणि इतरांइतकाच रुपया दिला.

आपल्यातल्या बऱ्याच मंडळ्या मेथडिस्ट परंपरेतल्या. त्या परंपरेचा संस्थापक जॉन वेस्ली याने फेब्रुवारी १७५३ मध्ये लंडनमधल्या आजारी गरिबांची घरं पाहिली, जमिनीखालच्या तळघरांतली आणि छपराखालच्या माळ्यांवरची. चालता येण्याइतकं बळ असलेला एकही माणूस त्याला तिथे रिकामा बसलेला दिसला नाही. गरीब हे आळशी असल्यामुळेच गरीब असतात, हा आक्षेप धडधडीत खोटा आणि सैतानी आहे, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, वितळलेल्या बर्फात घोट्यापर्यंत पाय बुडवत तो पाच दिवस दारोदार फिरला आणि गरिबांच्या कपड्यांसाठी दोनशे पौंड मागून आणले. त्यानंतर तो आजारी पडला. त्या माणसाची तसबीर आपल्याकडे भिंतीवर आहे आणि तिच्याखाली बसून ठराव लिहिला गेला, याचं मला फार दुःख आहे.

तिसरं कारण भीतीचं. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात, नाताळच्या दोन दिवस आधी धर्मांतरबंदीचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. पुढल्या वर्षी त्याचा कायदा झाला. भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षण, हे सगळं त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत घातलेलं आहे. जून २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पण मनातली धास्ती तेवढ्याने जात नाही. त्या नाताळात आम्ही रात्रीच्या कॅरलच्या फेऱ्या कमी केल्या होत्या. दार वाजलं की कोण असेल असं व्हायचं. मी ते दिवस पाहिलेत.

पण शांतपणे बघा. प्रलोभन कशाला म्हणतात? अमुक कर म्हणजे तमुक देईन. मागच्या दारानं ठेवलेली, नाव न लिहिलेली, काही न मागणारी पिशवी ही प्रलोभन कशी होईल? उलट, सहा महिने उपासनेला ये म्हणजे तांदूळ मिळतील, ही तुमची नवी अटच त्या आरोपाच्या सगळ्यात जवळ जाते. भीतीपोटी घातलेली अटच आपल्याला अडचणीत आणेल. आणि प्रभूने तर अट घातलीच नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, एक परत आला आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीच्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही.

फोटोबद्दल इथेच सांगते, कारण ते माझ्याच हातून झालं. मागच्या नाताळात कमिटीच्या सांगण्यावरून मी चादरी वाटताना फोटो काढू दिले. एका आजोबांनी चादर छातीशी धरली आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला तोंड केलं. "इकडे बघा" म्हणून तिघांनी सांगितलं. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या चार गटांत गेला. ते आजोबा त्यानंतर उपासनेला आले नाहीत. मी घरी जाऊन क्षमा मागितली. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, हे आपण मुलांना शब्बाथशाळेत पाठ करायला लावतो.

सरकारची मदत चालू असली की ख्रिस्ती माणसाने थांबावं, असं आपल्या मराठी पूर्वजांनी कधी मानलं नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळातच उपासमारीने गेले. भूक त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारी दुष्काळी कामं आणि गरीबखाने चालू होते. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, त्या गरीबखान्यांत मुलींचे काय हाल होतायत ते डोळ्यांनी पाहिलं आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. तिथे त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या वेळी सरकारी छावण्यांतल्या व्यवस्थेविरुद्धही त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं. सरकार जिथे कमी पडलं तिथे त्या स्वतः उतरल्या, आणि सरकारला जाब विचारणंही सोडलं नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, तेव्हा आपल्या भागातले रोगी आगगाडीने तिकडे जाऊ लागले. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं. दोनशे वर्षांत लोकांनी आपल्याला ओळखलं ते शाळा, दवाखाना आणि दारात आलेल्याला हाकलत नाहीत एवढ्यावरून.

इमारतीला माझा विरोध नाही. छप्पर गळतं हे मीही पाहते. पावसाळ्यात पेटीवर प्लास्टिक टाकणारी मीच आहे. छपरासाठी वेगळी वर्गणी काढा, माझे पैसे पहिले घ्या. पण यंदाच्या हंगामाच्या सणाच्या लिलावात एक भोपळा चार हजारांना गेला, घेणाऱ्याने तो परत दिला आणि पुन्हा लिलाव झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अशी दानत असलेल्या मंडळीला गरिबाच्या थैलीला हात लावायची गरज नाही.

माझ्या आणि माझ्याबरोबर सही करणाऱ्या महिला मंडळाच्या बहिणींच्या मागण्या लिहिते.

गरीब फंड बंद करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि प्रभुभोजनाच्या रविवारचं अर्पण पूर्वीप्रमाणे पूर्णपणे त्यातच जमा करावं. ठरावानंतर इमारत निधीत गेलेली रक्कम परत करावी.

हजेरीची अट, दोन सह्यांची अट आणि फोटो, तिन्ही काढून टाकावं. मदत कुठल्या मंडळीचा, जातीचा, धर्माचा हे न विचारता द्यावी. वहीत नावं न लिहिण्याची रीत चालू ठेवावी. हिशेब मात्र दर तीन महिन्यांनी, किती घरं आणि किती रुपये एवढा, उपासनेत मोठ्याने वाचून दाखवावा. तो नीट वाचला जात नव्हता ही तक्रार कुणी केली असेल तर ती बरोबर आहे, ती चूक माझी.

दर रविवारी उपासनेनंतर एक तास कागदपत्रांसाठी बसायची सोय करावी. रेशन कार्डातलं नाव, आधार, बँक खातं, गृहलक्ष्मी, विधवा वेतन, म्हातारपणाचं वेतन. कन्नड वाचणारे दोघे, ऑनलाइन अर्ज भरणारं एखादं तरुण पोर, एवढं पुरे. यंत्रावर ज्यांचा अंगठा उमटत नाही अशांबरोबर दुकानात आणि तहसीलदार कचेरीत जाणारा एक माणूस नेमावा. ही सोय गल्लीतल्या सगळ्यांना खुली असावी.

हंगामाच्या सणाच्या उत्पन्नाचा दहावा भाग गरीब फंडाला द्यावा.

आणि उपदेशपीठावरून सरकारी मदत घेणाऱ्यांना हिणवणारे शब्द येऊ नयेत, ही पाळकसाहेबांना हात जोडून विनंती.

उत्तर पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आत लेखी मिळावं. कमिटीला मला बोलवायचं असेल तर मी येईन, वह्या घेऊन येईन, पण त्या उघडून दाखवणार नाही. वहीचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर द्या, माझी काही तक्रार असणार नाही. नव्या माणसाला सगळी घरं मी स्वतः फिरून दाखवीन.

तोवर येत्या रविवारपासून उपासना सुटल्यावर मी पेटीजवळच्या शेवटच्या बाकावर एक तास बसणार आहे. चंदगडच्या पोरीचा अर्ज अर्धा झालाय, कन्नडमधले दोन रकाने मला उमजत नाहीत. ज्यांना वाचता येतं त्यांनी थांबावं, येताना निळं पेन आणि चष्मा आणावा.

प्रभूमध्ये आपली बहीण,
गरीब फंडाची वही सांभाळणारी,
बेळगाव